निवडणूक झाली, बंदूक द्या

चहा घ्या आधी, मग ऐका आमच्या हवालदाराची गंमत. निवडणूक आली की आमच्या गावाकडं परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या, हे ठरलेलंच हाय. आमची बंदूक बाबांची. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. निकाल लागल्या लागल्या मी आणायला गेले, कारण रानडुकरं रोज माझं वालाचं शेत उकरत होती.

हवालदार म्हणाला, "ताई, घरातल्या पुरुषाला पाठवा." मला परत धाडलं.

दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा दारात.

"अहो, सेमी-ऑटोमॅटिक आहे ती. धक्का बसला तर मागं पडाल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दादा, त्या धक्क्यावरच तर ती चालते! बार उडाला की धक्क्यानं आतला बोल्ट मागं जातो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढं ढकलते, तसं नळीखालच्या साठ्यातलं दुसरं काडतूस आपोआप भरतं. आपण नुसता चाप ओढायचा."

"बरं, मग?"

"मग काय? काल तुम्ही मला मागं ढकललंत, आज मी पुढं येऊन उभी हाय. आता बोला, बंदूक देताय की अजून एक धक्का देताय?"

बंदुकांच्या कपाटाची चावी त्याला लगेच सापडली.