वस्तादांचा कान

इंजिनीयर : आणि नियमांच्या वहीत काय लिहिलंय? ‘कणीक वस्तादांच्या कानाच्या पाळीइतकी मऊ असावी.’ पान बारा!

वस्ताद : बरोबर आहे की. चाळीस वर्षं बिस्किटं त्यावरच निघतायत. एका हातात कणीक, दुसऱ्या हातात पाळी. दाबायचं.

इंजिनीयर : तुमच्या एका कानासाठी चार माणसांचं खातं आहे, वस्ताद. तुम्हाला सर्दी झाली की अख्खा कारखाना बंद!

वस्ताद : मालकांनी प्लॅस्टरचा कानही करून बघितला.

इंजिनीयर : त्या महिन्यात आपल्या बिस्किटानं एकाचा दात पडला.

वस्ताद : म्हणून तर तुला आणलं. हिला जमलं की तुम्ही मोकळे, म्हणाले. तीन वर्षं झाली. उद्या सकाळी माझी लेकीकडची गाडी आहे, यंदाही तिकीट काढलंय. नातू शाळेत जायला लागला, मी अजून फोटोतच बघतोय.

इंजिनीयर : मला नाही हो जमत.

वस्ताद : मघाशी दोन मग पाणी घातलंस. कानाला हातही न लावता.

इंजिनीयर : सांडलं ते.

वस्ताद : मीही तेवढंच सांडलं असतं.

इंजिनीयर : हळू बोला ना! पाया पडते तुमच्या. सोमवारपासून दुसरीकडे नोकरी लागलीय, पत्र आलंय. मालकांना कळलं तर उद्या माझ्या कानाचं खातं उघडतील. सव्वीस वर्षांची आहे मी.

वस्ताद : मीही सव्वीसचाच होतो. ‘दोन महिने बघा’ म्हणाले होते थोरले मालक.

(मालक आत येतात. आधी कणीक दाबतात, मग न विचारता वस्तादांचा कान.)

मालक : वा! तंतोतंत. कुणी मळली?

वस्ताद : ...मी.

मालक : आणि ही? शिकली का काही?

वस्ताद : छे. दगड आहे नुसता. जाऊ द्या तिला, मालक.

मालक : अरेरे! मग तुम्हाला कसं जाऊ देऊ? आणा ते तिकीट, रद्द करायला पाठवतो. नवीन माणूस शोधू. दोन महिने बघा. चला, येतो.

इंजिनीयर : ...वस्ताद.

वस्ताद : पत्र नीट जपून ठेव.

इंजिनीयर : तुमच्या लेकीचा नंबर द्या. तुम्ही येत नाही म्हणून कळवते. बिचारी उद्या गाडीवर येऊन उभी राहील.

वस्ताद : नाही गं. पहिली दोन वर्षं यायची.