पवनचक्कीवरचा एक दिवा

नाही हो अण्णा, गच्ची मोजायला कशाला चढता, आधी चहा संपवा — जागा आहे, सोलरची पॅनेलं बसतील, मला ठाऊक आहे. शेजारी वेदश्रीकडे तुम्हीच बसवलीत ना? माझी धाकटी जाऊ ती. बिल शून्य आलं, बिल शून्य आलं — गल्लीभर सांगत सुटलीय, जसा काही सूर्य तिच्या माहेरचा! म्हणून तर मी आमच्या ह्यांना म्हटलं, तिनं ऊन घेतलं ना, आपण वारा घेऊ. धारवाडचा आषाढातला वारा, छत्र्या उलट्या करतो, तो एक पवनचक्की नाही फिरवणार? अय्यो, बसवली खरी, पण कुठली फिरतेय! समोर चार मजले उठले, वारा तिथंच अडतो. पावसाळा सोडला तर नुसती उभी. किंमत तुमच्या पॅनेलांहून जास्त, सबसिडी नाही, वर ती घरघर — आणि कमाई काय, तर बॅटरीवर स्वयंपाकघरातला एक दिवा. तुमचा हिशेब बरोबरच आहे, ह्यांना पटलाय, म्हणून तर बोलावलं. तिच्याकडे वॉशिंग मशीन काय, शेगडी काय, सगळं उन्हावर — जळफळाट होतो हो माझा! पूर्वी रोज दुपारी चहाला यायची. ह्याच खुर्चीत बसायची, तुम्ही बसलात त्या. आता लोक तिची गच्ची बघायला येतात, तिला कुठली सवड?

पण एक सांगू? करंट गेला की तिची पॅनेलंही बंद! होय की, तुम्हीच म्हणालात — लाइनवरच्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. मग येते बघा, भाजीची परडी घेऊन — ‘अक्का, तुमच्याकडे दिवा आहे ना?’ करंट येईपर्यंत हलत नाही. आभाळ भरून आलं की मी देवाला — हसू नका — मी देवाला म्हणते, करंट घालव रे थोडा वेळ. काय म्हणालात? पॅनेलांना बॅटरी जोडली की करंट गेला तरी चालतं? तिला सांगितलंत हे? नाही ना? नक्की?

थांबा — फ्रिज गप्प झाला. गेला! फाटक वाजलं बघा, तिचीच चप्पल. उठा, उठा अण्णा, आम्हाला काही नको तुमचं, ह्यांना मी सांगते. मागच्या दारानं जा. कप राहू दे तिथंच, खुर्ची तेवढी मोकळी करा — आणि त्या बॅटरीबद्दल तिच्यापुढे चकार शब्द काढायचा नाही.