टोपी आटली म्हणे!

शनिवार, दुपारी एक वाजता. लख्ख ऊन. मैदानाच्या मधोमध लाल गालिचा, गालिच्यावर खुर्च्या, खुर्च्यांसमोर काचेची पेटी आणि पेटीत एक टोपी. बस, एवढंच! या टोपीपायी माझं जेवण गेलं, झोप गेली, संपादकाशी बोलणं बंद झालं... आणि वर लोक मलाच म्हणतात, ‘बर्नी, तू फार डोक्यात घेतोस!’ अहो, डोक्यातच घेणार ना? प्रश्नच डोक्याचा आहे! तुम्हाला सांगतो, मोठ्या माणसाचं पोट वाढतं, घोरणं वाढतं, कानातले केस वाढतात. डोकं वाढत नाही!

आता ही आमच्या हेरन्स बेसबॉल क्लबची जुनी रीत. एखाद्या थोर खेळाडूचा नंबर कायमचा भिंतीवर लावायचा, म्हणजे पुढे तो नंबर कुणी घालायचा नाही. आणि त्या दिवशी त्याची पहिल्या हंगामाची टोपी काचेतून काढायची आणि भर मैदानात क्लबच्या अध्यक्षांनी त्याच्या डोक्यावर ठेवायची. मी इतकी वर्षं बेसबॉलवर लिहितोय, असे चार सोहळे पाहिले. म्हातारे काठी टेकत आले, एकाला तर खुर्चीतून ढकलत आणला, पण टोपी? टोपी अशी बसली, जशी काल काढून ठेवली होती. का बसली? कारण तुम्हाला सांगतो, मोठ्या माणसाचं डोकं वाढत नाही!

शनिवारी मान होता ग्रँट हॅलोरनचा. होमरनचा, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावण्याचा राजा! आला तेव्हा पोरगा इतका किडकिडीत की जोराचा वारा आला तर पहिल्या बेसऐवजी दुसऱ्यावर जाऊन पडेल. चेंडू मारायचा तो कसाबसा मैदानातच राहायचा. मग एका हिवाळ्यात गेला आणि वसंतात परत आला... कोण आला? मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, काही कळेना! चेंडू थेट मैदानाबाहेरच्या तळ्यात जायला लागले. मी तेव्हाच त्याला विचारलं, ‘ग्रँट, खातोस काय?’ तर पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘आईच्या हातचा मका, म्हातारबुवा!’ आणि सगळी लॉकर रूम हसली. तेव्हा बेसबॉलमध्ये औषधांची तपासणीच नव्हती हो. कोण कुणाला अडवणार? तिकिटं खपत होती, मालक खूश, आमचा पेपरही खूश!

एक जण हसला नव्हता. एमेट पिकेट. तिसऱ्या बेसवर आधी तो खेळायचा, ती जागा पुढे हॅलोरनला मिळाली. हॅलोरन आणि हा, दोघं एकाच दिवशी संघात आले, एकाच खोक्यातून टोप्या घेतल्या, दोघांचं माप एकच. आमच्या टोप्यांना मागे पट्टा नसतो बरं का, मापाचीच घ्यावी लागते. सारख्या अदलाबदली व्हायच्या, म्हणून दोघांनी आत शाईनं आपापले नंबर लिहिले. मग तो हिवाळा आला. कसरतीच्या खोलीत एक माणूस यायला लागला, हातात बर्फाची पेटी, पेटीत अंग वाढवणाऱ्या औषधाच्या सुया. त्यानं दोघांनाही विचारलं. एकानं हो म्हटलं, एकानं नाही. नाही म्हणणारा उन्हाळ्यात धाकट्या लीगला गेला, बसमधून फिरत राहिला, दोन वर्षांत बाहेर. आज घरं रंगवतो.

हे मला एमेटनंच सांगितलं, पण बजावून, ‘बर्नी, छापायचं नाही हां. लॉकर रूममधलं बाहेर नेणारा मी नाही.’ अरे, त्यांनी तुला बाहेर नेलं, त्याचं काय? पण नाही! शब्द म्हणजे शब्द. बापालासुद्धा बोलला नाही हा माणूस!

आणि बाप तरी कसा? ऑर्व्हल पिकेट, जन्म ओतशाळेत गेला, वय वर्षं सत्त्याऐंशी, आवाज अजून भोंग्यासारखा. त्याचं एकच म्हणणं, ‘हॅलोरन हिवाळाभर लोखंड उचलत होता. आमचे चिरंजीव काय करत होते? गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरत होते!’ एमेट एकदाच म्हणाला, ‘बाबा, मला तळ्यावर घेऊन कोण जायचं?’ तर म्हातारा म्हणतो, ‘नाही म्हणायचं होतंस!’ घ्या! ज्यानं नाही म्हटलं, त्यालाच हे! गेली कित्येक वर्षं दोघं एका टेबलावर जेवतात, पण बोलणं काय, तर मीठ दे. म्हाताऱ्याचं हृदय आता थकलंय. एमेट मला फोनवर म्हणाला, ‘बर्नी, बाबा मला आळशी समजूनच जाणार.’ एवढंच हवंय हो त्याला! नंबर नको, भिंत नको. बापानं एकदा नीट बघावं.

तर शनिवारी जुने सोबती म्हणून एमेटलाही बोलावणं आलं. मी म्हटलं, ‘जाऊ नकोस.’ तर म्हणाला, ‘बाबांना सोहळा बघायचाय. त्यांचा हीरो आहे तो.’ आला बिचारा, तीच जुनी टोपी घालून! रंगाचे ठिपके पडलेली, रंगकामाला रोज तीच घालतो, दर रविवारी मशीनमध्ये टाकतो. क्लबची ती प्रसिद्धीवाली पोरगी, कर्टनी, धावत आली, ‘सर, प्लीज, नवी देऊ का? फोटोत बरं दिसत नाही.’ एमेट म्हणाला, ‘ताई, हीच बरोबर बसते.’

भोंग्यावर निवेदक गरजला, ‘आणि आता... तीच टोपी! जशीच्या तशी!’ अध्यक्ष व्हिटकोम साहेबांनी दोन्ही हातांनी टोपी उचलली, हॅलोरन वाकला, साहेबांनी टोपी ठेवली... आणि टोपी बसेना! अहो, पातेल्यावर वाटीचं झाकण ठेवावं तशी वर टेकून राहिली! साहेबांनी दाबली. उजवीकडून दाबली. डावीकडून दाबली. केस आडवे येतात म्हणावं, तर डोक्यावर एक केस नाही! गुळगुळीत! हात सोडला की टोपी घसरते, साहेब पकडतात, हॅलोरन हसतोय, ऑर्गनवाला उगाचच वाजवतोय, आणि सगळं स्टेडियम... तुम्हाला वाटेल गप्प झालं असेल? छे! हसलं! प्रेमानं हसलं! माझ्या शेजारी बसलेले पत्रकार हसले, हॉट डॉग खात खात टाळ्या वाजवू लागले. अरे बाबांनो, हसता काय? मोठ्या माणसाचं डोकं वाढत नाही!

नंतर पत्रकार परिषद. मी उभा राहिलो. ‘ग्रँट, टोपी का बसली नाही?’

‘तुमची लेखणी अजून टोचतेच हो, म्हातारबुवा!’

‘टोचण्याचाच विषय आहे. का बसली नाही?’

हॅलोरन कर्टनीकडे बघतो, कर्टनी साहेबांकडे बघते, साहेब छताकडे. मग कर्टनी माइक ओढून म्हणते, ‘टोपी धुताना आटली, सर. पुढचा प्रश्न?’ आणि पुढचा प्रश्न आला हो! आमच्याच धंद्यातल्या एका शहाण्यानं विचारला, ‘ग्रँट, आज आईची आठवण आली का?’

मी रागानं बाहेर पडलो तो गाड्यांच्या तळावर. तिथे बापलेक. ऑर्व्हल गाडीच्या दारात अर्धा बसलेला, पाय बाहेर, आणि एमेट त्याच्या मांडीवर गाडीचा पट्टा ओढतोय. म्हातारा मला म्हणाला, ‘काय हो पेपरवाले, काय झालं त्या टोपीचं?’

‘धुताना आटली म्हणतात.’

‘आटली?’

‘असं म्हणतात.’

म्हातारा हसणार होता. तोंड उघडलंसुद्धा. मग त्याची नजर पोराच्या डोक्यावर गेली. ती टोपी. तोच खोका, तेच माप, विटून विटून राखाडी झालेली, कानांवर घट्ट बसलेली. हात पुढे करून त्यानं ती काढली, आतला नंबर बघितला, परत पोराच्या डोक्यावर ठेवली. अशी बसली की काय सांगू! म्हाताऱ्याचा भोंग्यासारखा आवाज एकदम खाली आला.

‘एमेट... तुझी का नाही रे आटली?’

मी मनात म्हणतोय, एमेट, बोल, बोल बाबा, आता तरी बोल! आणि तो काय म्हणाला?

‘पाय आत घ्या, बाबा.’

म्हाताऱ्यानं पाय आत घेतले नाहीत. पोराकडे बघत बसला. बराच वेळ. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एक जण ओरडला, ‘ओ आजोबा, हलवा की!’ एरवी ऑर्व्हलनं त्याला सात पिढ्या आठवायला लावल्या असत्या. आज मान वळवली नाही.

मी सगळं लिहिलं. एमेटला दिलेला शब्द पाळून, फक्त टोपी आणि डोकं, जे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. संपादक म्हणाला, ‘बर्नी, पुरावा?’ मी म्हटलं, ‘पुरावा त्याच्या खांद्यावर आहे! हलतो, डुलतो, सह्या देतो!’ शेवटी छापलं. कुठे? मुलांच्या पानावर, कोड्याशेजारी. मथळा : ‘टोपीची गंमत’!

सोमवारी मी पुन्हा मैदानावर गेलो. टोपी काचेत परत ठेवलीय. पोरं नाक लावून बघतायत. आणि पेटीवर क्लबनं स्वतः लावलेली पितळी पाटी आहे, अजून आहे, जाऊन वाचा : ‘ग्रँट हॅलोरन यांची पहिल्या हंगामाची टोपी. त्यांच्या घामाच्या डागांसह. कधीही न धुतलेली.’