पत्ता मिळणार नाही

— नाही साहेब, पत्ता मिळणार नाही. तुम्ही कितीही वेळा विचारा, मी तितक्या वेळा नाहीच म्हणणार. तुम्ही तिचे भाऊ असाल, सख्खे असाल, आईने अंथरूण धरलंय म्हणता तेही खरं असेल — मी कुठे म्हणतो खोटं आहे? पण गिऱ्हाइकाची माहिती म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती. तो बोर्ड वाचा ना. तो नाही, तो सेलचा, त्याच्या वरचा. कायदा आलाय आता. पूर्वी कुणीही यायचं, अमक्याच्या डोळ्यांचा नंबर किती हो, आम्ही सांगून मोकळे. आता तसं चालत नाही. आमच्या चष्मेवाल्यांच्या संघटनेने सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं, एक वकीलबाई आणली आणि तिने दिवसभर आमचं डोकं खाल्लं — नाव सांगायचं नाही, फोन सांगायचा नाही, पत्ता तर नाहीच नाही. माणूस आपलं गिऱ्हाईक आहे का नाही, हेसुद्धा सांगायचं नाही म्हणाली. आता बोला! म्हणजे कुणी विचारलं, ही बाई तुमच्याकडे येते का, तर मी काय म्हणायचं? — काहीच नाही म्हणायचं. ताकास तूर लागू द्यायची नाही. म्हणून तर मी ती येते असंही म्हणत नाही आणि येत नाही असंही म्हणत नाही.

हात जरा काउंटरवरून घ्याल का? नाही, काच आहे, तडा जातो. बसा ना. उभं कशाला. नाही बसायचं? बरं, तुमची मर्जी.

आमची बायको हसते मला या कायद्यावरून. म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुम्ही कसली गुपितं राखणार! मी म्हटलं, अगं, ही काय चेष्टा आहे? कॉम्प्युटरला पासवर्ड टाकला, तो तिलासुद्धा सांगितला नाही. तिचीच जन्मतारीख आहे — हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण जाऊ द्या, तुम्हाला कुठे ठाऊक तिची जन्मतारीख. आणि मी तर म्हणतो, बरंच झालं हा कायदा आला ते. मोठ्या माणसांचं काय, त्यांच्या दारात वॉचमन, हाताशी वकील. पण साध्या माणसाला कोण आहे? दिवसभर वाफेत उभं राहून चार घास मिळवणारी एखादी बाई, एकटी, नवीन जागी — तिच्या पाठीशी कोण? कायदाच ना? — काय? वाफेत? नाही हो, ते आपलं असंच म्हटलं. उदाहरण म्हणून. आमच्या धंद्यात वाफ हा मोठाच विषय आहे. थांबा, दाखवतोच. ही काच बघा. फुंकर मारा तिच्यावर. मारा ना, लाजता काय — हं, बरं, मीच मारतो. हाऽऽ. बघा, धरली वाफ? नाही धरली. कोटिंग आहे. स्वयंपाकघरातल्या बायकांना मी हेच देतो, दवाखान्यात मास्क लावून काम करतात त्यांना हेच देतो. आणि लॉन्ड्रीत काम करणाऱ्याला तर याच्याशिवाय गत्यंतरच नाही. ते मोठे ड्रम उघडले की समोरचं माणूस दिसत नाही म्हणाली, काका, हाताने चाचपत कपडे काढते — कोण म्हणजे? मी नाव घेतलं का कुणाचं? नाही ना घेतलं? मग झालं तर. कायद्यात नाव महत्त्वाचं.

तुम्ही फार कमी बोलता बुवा. अशी माणसं समोर असली की मला कसंतरी होतं, जास्तच बोलतो मी. नाही, आईचं ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणून एक मार्ग सुचवतो. तुम्ही चिठ्ठी लिहून ठेवा. ती आली की देईन. कायद्यात बसतं का? बसत असावं. तिला फार लांबून यायचं नसतं, जेवणाच्या सुट्टीत अंगावरच्या एप्रनसकट चालत येते आणि चालत परत जाते, उद्या-परवा चक्कर होईलच — म्हणजे आली तर. येत असेल तर. तुम्ही माझ्या तोंडून काढून घेताय हं सगळं! नाही, मी हसतोय, पण तुम्ही हसत नाही.

बरं, मला एक सांगा. इतक्या दुकानांमधून नेमके माझ्याच दुकानात कसे आलात? तिने सांगितलं असतं, तर पत्ताही तिनेच दिला असता. — मेसेज? कसला मेसेज? दाखवा बघू. इकडे करा, उजेडात. ‘आपल्या नेत्रतपासणीची माहिती खालील दुकानाने पाहिली आहे. यास आपली संमती नसल्यास कळवावे.’ आणि खाली माझं दुकान. रस्त्यासकट, फोनसकट. हो हो, हे कायद्यातलंच आहे. वकीलबाईने सांगितलं होतं, ज्याची माहिती उघडली त्याला कळवायलाच हवं, त्याचा हक्क आहे तो. झालं काय, तिच्याकडे तपासणीचा कागद नव्हता. काही म्हणता काही बरोबर आणलं नव्हतं तिने. मी म्हटलं, काळजी नको, काचा बनवणारी कंपनी एकच आहे, तुझ्या आधीच्या चष्मेवाल्याची आणि माझी; त्यांच्याकडे सगळं असतं, मी मागवून घेतो. तिने मान हलवली, मी बटण दाबलं. आणि त्यांनी नियमाने कळवलं. बरोबर आहे. सगळं नियमाप्रमाणे झालंय. कुणाचीच चूक नाही.

पण हा मेसेज तिला जायला हवा होता. तिच्या फोनवर. हा तुमच्या फोनवर कसा? — आधीच्या चष्म्याच्या वेळी तुमचाच फोन दिला होता? भावाचा? नाही हो, लग्न झालेली बाई भावाचा फोन कशाला देईल. बायका देतात तो… 

तुम्ही तिचे भाऊ नाही.

दाराकडे नका जाऊ. थांबा, ऐका माझं. मघाशी जे बोललो ती नुसती बडबड होती. दुकानात बसून बसून सवय लागते, गिऱ्हाईक दिसलं की तोंड सुटतं. लॉन्ड्री-बिंड्री काही नाही. दुसरीच कुणीतरी आहे ती, वयस्कर बाई आहे, पांढरे केस. तुमची बायको एकदाच आली आणि गेली, इथे राहतच नाही. — हसू नका. असं हसू नका, मला भीती वाटतेय तुमची, स्पष्टच सांगतो. तिचा जुना चष्मा मी पाहिलाय. जिन्यात पडले म्हणाली. पडलेल्या चष्म्याची आधी काच जाते. याच्या काचा शाबूत, आणि काडी मुळातून बाहेर उलटलेली, डॉक्टरी पट्टीने चिकटवलेली. चष्मा डोळ्यांवर असताना कुणी हात उचलला, तरच होतं तसं. एवढी एकच गोष्ट मी पोटात ठेवली बघा, आणि तीच बोलायला हवी होती. जाताना दारात थांबली. काका, कुणी विचारत आलं तर — म्हणाली आणि पुढे काही म्हणालीच नाही. मी म्हटलं, अगं पोरी, कायदा आहे आता! मोठ्या ऐटीत बोर्ड दाखवला तिला. किती बरं वाटलं तिला, तुम्हाला सांगतो, चेहराच बदलला.

पोलिसांना फोन करतो मी. हा बघा, हातात घेतला. — काय सांगणार म्हणजे? सांगेन की, हा माणूस… काय सांगेन? पत्ता मी दिला नाही. तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाही. मेसेज कायद्यानेच आलेला. दुकानात आलात, उभे राहिलात, मी बोललो. यात मोडलं काय, कुणी मोडलं? — तुम्हीच सांगताय वर, की काका, तुम्ही कुठे काय सांगितलं! काका म्हणू नका मला. तिने म्हटलेलं आहे ते.

हात जोडतो तुमच्यापुढे. जाऊ द्या तिला. तिचं बस्तान बसतंय हो आता कुठे.

— काय? काय विचारलंत? कुठली लॉन्ड्री, पुलाजवळची का दवाखान्यामागची? नाही. आता नाही. आता तोंडातून एक शब्द काढणार नाही मी. फोडा काउंटर, मला मारा, काय करायचं ते करा. हे मिटलं तोंड.

…

काय बघताय? असे काय बघताय माझ्याकडे? — नाही. मी कुठे बघितलं? मी घड्याळ बघितलं. घड्याळ त्या बाजूला आहे म्हणून — अहो, थांबा — अहो, मी पुलाकडे बघितलंच नव्हतं हो —