रस्ता चालू आहे, साहेब

ऐका. जरा सरकून बसा, पाठीमागे अंधार मोकळा ठेवू नका. मी शिकलेला माणूस, इंजिनिअर. भूत मानत नव्हतो. आज मानतो का? ठाऊक नाही.

तेव्हा मी राज्याच्या सीमेजवळच्या घाटात रस्त्याच्या कामावर होतो. जुना राज्यमार्ग राष्ट्रीय महामार्गात गेला. नवा रस्ता डोंगराच्या वरच्या अंगाने काढला आणि नदीकडे उतरणारा खालचा तुकडा बंद केला. खूण सोपी. महामार्गाच्या मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्यमार्गाच्या दगडाचं हिरवं.

खालच्या तुकड्यावर सोन्या गावित होता. मैलकुली. म्हणजे खड्डे बुजवणारा, आपला मैल राखणारा मजूर. रस्ता बंद झाल्याचा हुकूम मी कॅम्पच्या फळ्यावर लावला. सोन्याला वाचता येत नव्हतं. जाऊन तोंडाने सांगायला हवं होतं. नाही सांगितलं! तो रोज येऊन खड्डे बुजवत राहिला. पावसाळ्यात पूल वाहून गेला, आणि पुलाबरोबर तोही.

त्या थंडीत, दिवस मावळल्यावर, माझ्या बायकोला, वत्सलेला, कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "मूल आडवं आहे. दवाखाना गाठा, नाहीतर दोघंही हातची जातील." कॅम्पचे ड्रायव्हर यासीनभाईंनी जीप काढली. दवाखाना सीमेपलीकडे.

घाटात फाट्यावर एक माणूस कंदील हलवत होता. "इकडून, साहेब. इकडून जवळ पडतं." घाई होती हो! वळलो.

पुलापर्यंतचं अंतर सांगणारा दगड दिसला. सात. मग सहा. मग पाच. यासीनभाई पुटपुटले, "साहेब, दगडाचं डोकं हिरवंय."

मी ओरडलो, "मागे वळवा!"

वळवली. आलो त्याच वाटेने निघालो. पुढचा दगड सहा यायला हवा, हो ना? चार आला! पुन्हा वळवली. तीन! ऐकताय ना? कुठेही तोंड करा, आकडा कमीच होत होता!

हसलं कोण? हसा बाबा. मीही स्वतःला म्हणालो, भीतीने तुझी नजर चुकतेय. पण यासीनभाईंनाही तेच दिसत होतं. त्यांनी कुराणाची आयत सुरू केली.

दोन. एक. मागून वत्सला ओरडली, "अहो, थांबा! पाण्याचा आवाज येतोय!"

ब्रेक लागला. पुढची दोन्ही चाकं डांबराच्या तुटक्या काठावर. खाली नुसती नदी. आणि समोर, जिथे पूल नव्हता, जिथे काहीच नव्हतं, तिथे, हवेत, खाकी सदऱ्यातला सोन्या उभा! एका हातात कंदील, दुसऱ्यात हिरवं निशाण.

"या साहेब. रस्ता चालू आहे."

जीप आपणहून बोटभर पुढे सरकली. यासीनभाई ब्रेकवर उभे राहिले होते, तरी सरकली!

मी खाली उतरलो. हात जोडले. "सोन्या, रस्ता बंद झालाय. मी तुला सांगितलं नाही. चूक माझी. घरी जा."

निशाण खाली आलं. "बंद झाला? कधी?"

"गेल्या वर्षी."

जीपचं सरकणं थांबलं. "मागे घ्या, यासीनभाई! पुढे बघू नका!" मी जीपच्या मागे धावत वाट दाखवली. गिअर कण्हत होता, वत्सला कण्हत होती. दगडांचे आकडे आता चढत गेले. एक, दोन, तीन. फाट्यावर पिवळं डोकं दिसलं तेव्हा यासीनभाई हुंदके देत होते.

मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पण त्या वाटेने जाऊ नका. तुमचं कितीही अंतर वाचत असो, हिरव्या दगडांकडे वळू नका. कारण आम्ही मागे हटत होतो तेव्हा नदीवरून त्याची हाक आली होती. शांत, अदबीची.

"मग माझी बदली कुठे केलीत, साहेब?"

मी तसाच जीपच्या मागे धावत राहिलो. तो अजून तिथेच उभा आहे. येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो.