तात्यांनी मोकळी ठेवलेली जागा

मंडळी, आयाबायांनो, लांबून आलेल्या पावण्यांनो, जरा पुढं सरकून बसा. तात्यांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय. आणि रडत बोलले तर तात्या वरनं ओरडतील, "मोठ्यांदा बोल की! मागच्यांना ऐकू येईना."

तेव्हा मोठ्यानं बोलते.

तात्या कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्यांची वजनं लिहिता लिहिता निवृत्त झाले आणि मग आपलं कसबा बावडा लिहायला बसले. विहिरी कुणी खणल्या, तालीम कुणी बांधली, आता बंगले उठलेत त्या रानांची नावं काय होती. शेवटी घराघराची वंशावळ. नव्वद सालानंतर कधीतरी ते पुस्तक छापून आलं, तेव्हा देवळात पेढे वाटले होते. आठवतंय ना?

मी ते घरी नेलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून आमच्या घराण्याचं पान वाचून दाखवलं. पणजोबा, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे, थेट माझ्या पोरापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "आन आमी कुठाय?"

नव्हतोच! कुणाच्याच घरातली एकही बाई नव्हती. तशीच पुस्तक घेऊन तात्यांच्या दारात गेले. म्हटलं, "तात्या, आपल्या गावात पोरं झाडाला लागत हुती व्हय?"

तात्या आधी खो खो हसले. मग वही काढली.

"सांग. सासूचं नाव?"

"पार्वती."

"ते लग्नातलं. पाळण्यातलं काय?"

मला कुठं माहीत! आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. जुनं नाव कोण विचारतंय? घरी येऊन सासऱ्यांना विचारलं. चाळीस वर्षांचा संसार, पण म्हणतात कसे, "पार्वतीच की!" चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "न्हाय. हौसा." पुढं आठ दिवस सासरे "हौसा, हौसा" अशी हाक मारून बघायचे आणि सासूबाई लाजून ओ द्यायच्या नाहीत.

मग तात्या आणि मी घरोघर हिंडलो. तात्यांचा नियम एकच, नवऱ्याला विचारायचं नाही, बाईलाच विचारायचं. आतून नवरा ओरडायचा, "काय चाललंय?" बाई म्हणायची, "तुमास्नी ठावं न्हाय, गप बसा." जोतिबाच्या डोंगरावरनं इथं दिलेली एक म्हातारी स्वतःचं नाव सांगून इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी डोळ्यांना पदर लावला.

एकच नाव मिळालं नाही. तात्यांच्या आईचं.

आई म्हातारी होऊन, तात्या नोकरीत असताना वारली होती. माहेर गगनबावड्याकडचं. तात्या भर पावसात तिकडं गेले, वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तात्या, टाका एखादं चांगलं नाव. कोण बघतंय?" तात्या माझ्यावर असे भडकले! "आईला खोटं नाव लावू व्हय? ऱ्हाऊ दे जागा मोकळी."

दुसऱ्या आवृत्तीत गावातल्या शेकडो बाया आल्या. हौसा आली. मीही आले, माहेरच्या मालन या नावानं. आणि तात्यांच्या पानावर, वडिलांच्या नावाशेजारी, कोरी जागा. कुणालाही पुस्तक देताना तात्या पहिल्यांदा तेच पान उघडायचे. म्हणायचे, "साऱ्या गावाला इचारलं मी. आईला तेवढं इचारलं न्हाय." हे म्हणताना तात्या हसायचे नाहीत. तात्या, फार आठवण येते हो तुमची.

मंडळी, आता दोन मिनिटं उभं राहू. ज्याला आपल्या आईचं पाळण्यातलं नाव माहीत आहे, त्यानं ते मनात घ्यावं आणि तात्यांना हात जोडावेत. ज्याला माहीत नाही, आणि आई घरी आहे, त्यानं इथं थांबू नये. उठा. घरी जा. विचारा. तात्यांना राग येणार नाही.