खिडकीजवळची मुलगी

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंची दाढ ठणकत होती, तरी कान शेजारच्या बाकाकडेच होते. तिथे शाळेतला हेडक्लार्क वहिनीशी बोलत होता.

"मुलीला दिवस गेलेत हे कुणाला कळू द्यायचं नाही, असा नियमच आहे."

"मग कळलं कसं, भाऊजी?"

"कोण जाणे. आम्ही तर वर्गावर्गात नोटीस फिरवली. दहावी ब मधल्या खिडकीजवळच्या मुलीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही."

"अहो, मग..."

"नाव कुठं घातलं? आम्ही काय दूधखुळे आहोत?"

"तिला काढून टाकलंत?"

"छे, नियमात बसत नाही. तीच यायची बंद झाली."

"आणि तो मुलगा?"

"त्याचं नाव फुटू दिलं नाही. संशय नको म्हणून नोटीस वाचायलाही त्यालाच पाठवला."